दादाजींची अठ्ठ्याहत्तरची जीप

इचोड्याच्या बाहेर, नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, मे महिन्याच्या भर दुपारी एक माणूस जीपशी भांडत होता.

आधी मराठीत, मग तेलुगूत, आणि शेवटी हिंदीत... हात जोडून. ट्रकवाले हॉर्न वाजवून त्याची थट्टा करत पुढे जात होते. प्रगतीला थांबायचं काही कारण नव्हतं. दवाखाना संपवून ती स्कूटीनं घरी निघाली होती, आणि ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा टपऱ्यांच्या खालून बाहेर यायला तयार नव्हती. पण ती जीप... बसकी, चौकोनी, हिरवा रंग जागोजागी उडालेली, गोल दिव्यांनी रस्त्याकडे टक लावून पाहणारी. प्रगतीनं स्कूटी वळवली.

"ओलं फडकं टाका," ती म्हणाली.

तो बॉनेटखालून बाहेर आला. कपाळावर ऑइलचा पट्टा. "काय?"

"पेट्रोलच्या पंपावर. उन्हानं आतल्या आत वाफ झाली असल. पेट्रोल पुढे येऊन नाई राह्यलं."

"फडकं आणू कुठून? माह्या शर्टाशिवाय इथं काही नाई."

"शर्ट राहू द्या."

उन्हासाठी तोंडाभोवती गुंडाळलेला स्कार्फ तिनं सोडला. एक वेढा... दुसरा वेढा... तो बोलता बोलता थांबला. इतका वेळ तो नुसत्या दोन डोळ्यांशी बोलत होता, त्या डोळ्यांभोवती एक अख्खा चेहरा आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं बहुतेक. प्रगतीनं बाटलीतलं पाणी स्कार्फवर ओतलं आणि त्याची घडी पंपावर ठेवली. लोखंडातून चर्रर्र आवाज आला.

"दहा मिनिटं थांबा आता."

दोघं पळसाच्या तुटपुंज्या सावलीत उभे राहिले. सावली एका माणसापुरती होती. तो अर्धा उन्हात सरकला.

"तुमी मेकॅनिक हाय का?"

"जनावरांची डॉक्टर."

"मग बरोबर जागी आले तुमी. हे जनावरच हाय. आमच्या दादाजीशिवाय कोणाचं ऐकत नाई." त्यानं हात पुसला, पुढे करावा की नाही ते न ठरल्यामुळे खिशात घातला. "मी अमरदीप. बेल्लमपल्लीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवतो. हसू नका."

ती हसली नाही. पण ओठ दाबावे लागले.

"हे पंपाचं... कोणी शिकवलं तुमाले?"

"बाबांनी. सरकारी सर्व्हेच्या जीपवर होते. मोतीराम ड्रायव्हर म्हणून विचारा, उटनूरपर्यंत कोणीही सांगल."

"मग भेटवा ना त्यांना दादाजीशी! दोघं बसतील दिवसभर."

"ते दिवाळीच्या आधी गेले."

त्यानं अरेरे म्हटलं नाही. कसं झालं तेही विचारलं नाही. तो जीपकडे गेला, पंपावरचा स्कार्फ उलटवला, उरलेलं पाणी त्यावर ओतलं आणि पुन्हा आपल्या उन्हाच्या अर्ध्यात येऊन उभा राहिला. सहा महिने लोकांच्या सांत्वनाला मान हलवून थकलेल्या प्रगतीला ती उलटवलेली घडी फार बरी वाटली.

दहाव्या मिनिटाला जीप सुरू झाली. आधी खोकली, मग गुरगुरली, मग त्या जुन्या चार सिलिंडरांचा एका लयीतला घरघराट रस्त्यावर पसरला. प्रगती जीपच्या आणखी जवळ गेली. आठ वर्षांची असताना बाबांच्या मांडीवर बसून ऐकलेला आवाज असा अवचित समोर येईल असं तिला वाटलं नव्हतं. आणि आवाज ऐकून रडू येण्याऐवजी चक्क आनंद होईल, असं तर मुळीच नाही.

"विकता का?" ती म्हणाली. तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

"विकाले तर निघालो होतो. हैदराबादचा एक हॉटेलवाला येऊन बसला हाय पुढे धाब्यावर. त्याले गेटपाशी उभी कराची हाय. लोक फोटो काढतील म्हणते."

"नुसती उभी?" जिवंत माणसाला भिंतीत चिणायची गोष्ट ऐकावी तशी ती त्याच्याकडे पाहत राहिली. "त्याले फोन करा. म्हणा, गाडी रस्त्यात बंद पडली."

"खोटं बोलू?"

"खोटं कुठं हाय? पडली ना बंद."

अमरदीपनं जीपकडे पाहिलं, मग तिच्याकडे... आणि खिशातून फोन काढला.

*

प्रगतीला जीप नुसत्या हौसेसाठी नको होती. इंद्रवेल्लीच्या पलीकडे, डांबर संपून मुरूम आणि मुरूम संपून नाला लागतो, त्याच्याही पलीकडे जांभूळगुडा होता. बत्तीस घरं, चौऱ्याऐंशी जनावरं. मागच्या वर्षी घटसर्पाची लस घेऊन प्रगती बसनं गेली, मग ऑटोनं, मग डोक्यावर बर्फाचा डबा घेऊन पायी. पोचेपर्यंत बर्फाचं पाणी झालं होतं आणि पाणी कोमट. तापलेली लस टोचून उपयोग नव्हता, ती परत फिरली. पाऊस लागला, नाला भरला, आणि पंधरा दिवसांत गावच्या चंपत पटेलांच्या गोठ्यातली बैलजोडी गळा सुजून मेली. पाणी ओसरल्यावर ती भेटायला गेली, तर ते तिला एका शब्दानं बोलले नाहीत. उलट परत जाताना मोहाची फुलं बांधून दिली. तेव्हा तिनं म्हटलं होतं, "पुढल्या वर्षी पाण्याच्या आधी येते. थंड लस घेऊन येते."

हा शब्द तिनं बाबांनाही सांगितला होता. बाबा म्हणाले होते, स्कूटीनं नाही जमणार.

प्रगतीच्या आईला, रेणुकाबाईंना, मात्र जीपचं नाव नको होतं. "त्या जीपीनं तुह्या बापाची कंबर खाल्ली," त्या म्हणाल्या. "लोकाच्या पोरी एसीवाली कार घेतात. तू भंगार आण."

"आई, कार नाल्यात पोहत नाई."

"मग तू तरी कायले नाल्यात जातं?"

याचं उत्तर दोघींनाही माहीत होतं.

*

अमरदीपचे आजोबा, दादाजी, अंगणात बाजेवर बसले होते. कोळशाच्या खाणीत तीस वर्षं काढून, खाणीच्याच लिलावात ही अठ्ठ्याहत्तर सालची जीप घेऊन ते गावाकडे परतले होते. ऐंशी पार झालेलं वय, पण नजर अशी की समोरच्यानं आपोआप शर्टाची बटणं तपासावीत.

"गाडी रोज चालवाची म्हणतं?" त्यांनी प्रगतीला विचारलं.

"हो."

"रोज? दवाखान्यात, बाजारात, पाहुण्याकडे... सगळीकडे?"

"सगळीकडे."

"मग सेल्फ स्टार्टर विसर." त्यांनी बाजेखालून एक वाकडा लोखंडी दांडा काढला. "बॅटरी उतरली तर जंगलात हाच हाय. चालू करून दाखव."

"दादाजी, हँडल उलटं फिरते, हात मोडल त्यांचा!" अमरदीप मध्ये पडला.

"तू गप. तुहा मोडला होता, तिचा मोडल कायले?"

प्रगतीनं दांडा पुढच्या भोकात बसवला. ओढणी कंबरेला खोचली. चार बोटांनी मूठ धरली आणि अंगठा... अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवला, मुठीला विळखा घातला नाही. उलटा झटका आला तर दांडा हातातून सुटून जातो, अंगठा त्यात अडकत नाही. तिनं खालून वर एकदा ओढलं. काही नाही. दुसऱ्यांदा ओढलं... आणि जीप हसल्यासारखी थरथरली.

दादाजींनी इंजिनाकडे पाहिलंच नाही. ते तिच्या अंगठ्याकडे पाहत होते.

"पोरीले चहा आणा," त्यांनी घरात हाक दिली. "आन हॉटेलवाल्याले कळवा, जीप काही मोर नाई अंगणात नाचवाले. गाडी गेली म्हणा."

कागद दादाजींच्याच नावावर होते, त्यामुळे सह्यांचं काम आठवड्यात उरकलं. पण गाडीचं काम उरकेना. अमरदीपला ब्रेक बघायचे होते. ब्रेक झाल्यावर स्टिअरिंगला थोडी ढील सापडली. ढील गेल्यावर हेडलाइटचं तोंड बदकासारखं वर होतं म्हणे. प्रगती रोज संध्याकाळी दवाखान्यातून थेट त्या अंगणात यायची.

"आज काय निघालं?"

"आज... वायपर."

"वायपर काल झाला ना?"

"काल डावा झाला."

"फिजिक्सचे पोरं पण असेच पास करता का? एका वर्षी डावा मेंदू, दुसऱ्या वर्षी उजवा?"

तो जीपखाली झोपलेला असायचा, त्याचं हसू चाकांच्या मधून ऐकू यायचं. मग फक्त एक हात बाहेर यायचा. "चौदा नंबरचा पाना."

ती बारा नंबरचा द्यायची.

"हा बारा हाय, मॅडम."

"चौदा पायजे असल तर बाहेर येऊन घ्या."

तो बाहेर यायचा. तोंडावर धूळ, केसात गवत. आणि पाना घेताना दोघांची बोटं जरुरीपेक्षा थोडी जास्त वेळ त्या थंड लोखंडावर राहायची... मग कोणीतरी एकदम बोलायला लागायचं. बहुधा तीच. ती त्याला जनावरांच्या गोष्टी सांगायची, तो तिला खाणीतल्या क्वार्टरांच्या, पहाटेच्या भोंग्याच्या, एकाच गल्लीत चार भाषांत होणाऱ्या भांडणांच्या. एकदा त्यानं विचारलं, "बाबा गाडी चालवताना काही गुणगुणायचे का?" ती म्हणाली, "नाई. शिव्या द्यायचे. पण हळू आवाजात, मले ऐकू जाऊ नये म्हणून." आणि दोघं इतके हसले की दादाजी बाजेवरून म्हणाले, "जीप दुरुस्त होऊन राह्यली का नाटक?"

घरी येताना प्रगतीला आपण गाडी घेतोय याचा आनंद व्हायचा, आणि आज तरी ती पूर्ण झाली नाही याचाही. या दुसऱ्या आनंदाची तिला थोडी लाज वाटायची. घरात बाबांचा फोटो होता. फोटोला नवीन हार घालताना तिनं एकदा मान खाली घातली, मग वर केली. बाबा नेहमीसारखेच पाहत होते. रागावलेले नव्हते.

*

जूनच्या पहिल्या शनिवारी पहाटे डोंगराकडे ढग दिसले. लस सोमवारची ठरली होती, पण सोमवारपर्यंत नाला थांबणार नाही हे प्रगतीला कळलं. तिनं साहेबांना फोन केला, लस उचलली, बर्फाच्या डब्यात भरली. रेणुकाबाईंनी न विचारता शिदोरी बांधली.

"सहा भाकऱ्या? मी एकटी जाऊन राह्यली, आई."

"जीप लय खाते म्हणतात," रेणुकाबाई ठेच्याची डबी ठेवत म्हणाल्या. चेहऱ्यावर काही नव्हतं.

सात वाजता ती डबा घेऊन दादाजींच्या अंगणात उतरली. न सांगता आलेली पाहून अमरदीप दात घासता घासता थबकला.

"गाडी घेऊन चालली. आत्ता."

"आत्ता?" त्यानं तोंड धुतलं, पुसलं, पुन्हा धुतलं. "पाहा... चालू होते का."

सेल्फ फिरला. इंजिन फिरलं. पण पकडलं नाही. पुन्हा... पुन्हा. पेट्रोल होतं, बॅटरी नवी होती, ऊन अजून चढलेलं नव्हतं.

"काही काम निघालं वाटते," अमरदीप म्हणाला. आवाज नको इतका साधा. "दोन-तीन दिवस..."

प्रगतीनं बॉनेट उघडलं. डिस्ट्रिब्युटरच्या दोन क्लिपा काढल्या, टोपण उचललं. आत रोटर नव्हता. सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारा, बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा. तो नसेल तर सगळी जीप म्हणजे नुसतं लोखंड. जंगलात मुक्काम पडला की बाबा हाच तुकडा काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे, रात्री गाडी कोणी नेऊ नये म्हणून.

ती सावकाश वळली.

"खिसा दाखवा."

"कोणता?"

"अमरदीप."

त्यानं वरच्या खिशातून रोटर काढला. तळहातावर ठेवला. "जीप गेली की... तुमी कायले याल इथं? सुट्टी संपली, सोमवारी मले बेल्लमपल्लीले कॉलेजात जायचं हाय. रातीच काढून ठेवला. म्हटलं दोन दिवस अजून..."

बाजेवरून दादाजींचा आवाज आला. "अमऱ्या! पंचवीस वर्षं मी रोटर खिशात घालून झोपलो, चोराच्या भेवानं. तू कोणाच्या भेवानं काढला बे?"

दुसऱ्या एखाद्या दिवशी प्रगती हसली असती. आज तिनं डब्याचं झाकण उघडून त्याच्यासमोर धरलं. "हा बर्फ दुपारपर्यंत हाय. तिकडे चौऱ्याऐंशी जनावरं उभी हाय. मागच्या वर्षी मी कोमट पाणी घेऊन गेली होती आणि पटेलाची जोडी मेली. तुमाले दोन दिवस पायजे होते, तर मागाचे होते. चोरून घ्याचे नाई."

त्याचा चेहरा उतरला. खरोखरच. त्यानं डब्याचं झाकण लावलं. रोटर बसवला, टोपण लावलं, क्लिपा दाबल्या. पहिल्या फिरकीत जीप सुरू झाली.

"मी येतो," तो म्हणाला.

"कायले?"

"शिंगं धराले."

"बैल लाथ मारते."

"आज तेवढी लायकी हाय माही."

ती स्टिअरिंगमागे बसली. पण बर्फाचा डबा उचलून त्याच्या मांडीवर ठेवायचा म्हणजे आधी त्याला बसू द्यावं लागणार होतं... तिनं तो ठेवला.

*

इंद्रवेल्ली मागे पडेपर्यंत प्रगतीनं नजर रस्त्यावरून काढली नाही. मग मुरूम सुरू झाला आणि जीप उड्या मारायला लागली, आणि उड्या मारणाऱ्या जीपमध्ये रागावून बसणं फार अवघड असतं. एका खड्ड्यात अमरदीपचं डोकं वरच्या लोखंडी कमानीवर आपटलं. डबा त्यानं सोडला नाही.

"लागलं का?"

"नाई. बर्फ सुखरूप हाय."

तिनं रस्त्याकडे पाहत ओठ दाबले.

नाल्याला पाणी आलं होतं. डोंगरात रात्री पडलेलं, लालसर, गुडघ्याच्या वर. पलीकडे चंपत पटेल आणि दहा-बारा माणसं उभी होती. मागे झाडांखाली बांधलेली जनावरं. पटेलांनी हात वर केला, येऊ नका असा.

प्रगतीनं चारी चाकांना जोर देणारा दांडा ओढला. क्लच दाबला.

"थांबा!" अमरदीपनं डबा सीटवर ठेवला, उडी मारली, बॉनेट उघडलं. पाना घेऊन त्यानं पंख्याचा पट्टा सैल केला आणि काढून गळ्यात माळेसारखा घातला. "पंखा फिरला तर पाणी उडवते. डिस्ट्रिब्युटर भिजला की मधातच बंद. आता चला. पलीकडे गेल्यावर लावतो."

प्रगती त्याच्याकडे पाहत राहिली. "हे बाबांनी नव्हतं सांगतलं मले."

"माह्यासाठी ठेवलं असल त्यांनी," तो म्हणाला.

तिला याचं काहीतरी उत्तर द्यायचं होतं. पण समोर पाणी होतं आणि हातात स्टिअरिंग. तिनं पहिला गिअर टाकला.

पाणी आधी चाकांना लागलं, मग पायाशी आत शिरलं, चपला भिजल्या. मागची बाजू एकदा डावीकडे सरकली. तिनं पाय उचलला नाही. खाली गोटे चाकांखाली हलत होते, इंजिन जड आवाजात चढत होतं, अमरदीप डबा डोक्यावर धरून ओरडत होता, "चाल माय, चाल..." जीपला की तिला, कोण जाणे. पुढची चाकं चढाला लागली. मग मागची. आणि जीप अंगावरून पाणी गाळत काठावर आली तेव्हा पलीकडच्या माणसांआधी प्रगतीच ओरडली. लहानपणीसारखी, दोन्ही हात वर करून.

चंपत पटेलांनी डब्यात हात घालून पाहिलं. बर्फ होता. त्यांनी एक तुकडा आपल्या गालाला लावला आणि ते हसले.

*

काम दुपारपर्यंत चाललं. प्रगती मानेवर टोचायची, अमरदीप शिंगं धरायचा. टोचून झालेल्या जनावराच्या शिंगावर पटेलांच्या सूनबाई गेरूचा पट्टा ओढायच्या, म्हणजे तेच पुन्हा रांगेत यायला नको. पाचव्या बैलानं अमरदीपला लाथ मारली, पंधराव्यानं धोतऱ्याच्या झुडपात ढकललं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. तो उठायचा, झटकायचा, पुढच्याची शिंगं धरायचा. एकदाही त्यानं तिच्याकडे पाहून आपण किती कष्ट करतोय असं दाखवलं नाही. हे प्रगतीनं टिपलं. तिचं लक्ष सुयांवरच होतं असं नाही.

चौऱ्याऐंशीवी कालवड टोचून झाल्यावर ती दगडावर बसली. खूप दिवसांनी तिला वाटलं, हे बाबांना सांगायला हवं. आणि ती मनातल्या मनात सांगतही सुटली, पाण्याचं, पट्ट्याचं, लाथांचं... मध्येच कुठे अडखळली नाही.

अमरदीप समोर येऊन उभा राहिला. सगळा चिखल, एका कोपराला खरचटलेलं.

"सकाळी चुकलं," तो म्हणाला. "तुमी म्हटलं, मागाचे होते. तर... मागून राह्यलो. दोन दिवस नाई. सगळेच रविवार." तो थांबला. "मले तुमी आवडता. जीपीच्या आधीपासून. म्हणजे... त्या पळसाखालीच."

प्रगतीनं मान वर केली. ऊन त्याच्या मागे होतं, त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता. हात दिसत होते.

गोठ्याकडून पटेलांच्या सूनबाईंनी हाक दिली. "डॉक्टरबाई, सगळे झाले का? का एखादा राह्यला?"

बायकांमध्ये खसखस पिकली.

"एक राह्यला," प्रगती म्हणाली. तिनं गेरूच्या वाटीत बोट बुडवलं, अमरदीपचा हात धरला आणि मनगटावर एक ठळक लाल पट्टा ओढला. हात सोडला मात्र नाही.

"याचा... अर्थ काय होते?" त्यानं विचारलं. आवाज पार बारीक.

"आता तुले दुसऱ्या कोणी रांगेत उभं कराचं नाई," ती म्हणाली. "बस इथं. भाकर खाऊन घे. आईनं दोघांची बांधली हाय."